गुलालाच्या एकशे त्रेसष्ट ओळी

आप्पांनी काहील करपवली, हे मला आईने सांगितलं नाही. मगदूम काकांनी सांगितलं. फोनवर आधी त्यांनी पुण्यात थंडी किती, जेवणाची सोय कशी, अशी सगळी चौकशी केली आणि मग एकदम म्हणाले, "हर्षू, तुझ्या बानं काल काळा गूळ पाडला गं. गूळ कसला, कोळसाच म्हण."

मगदूम काका आमच्या गावातल्या गुऱ्हाळाचे मालक. माझे वडील, सर्जेराव वरुटे, तिथले गुळव्या, म्हणजे उसाच्या उकळत्या रसाची मोठी कढई, म्हणजे काहील, चुलाणावरून नेमकी कधी उतरवायची, हे ठरवणारा माणूस. हे काम त्यांनी तेवीस वर्षं केलं. मग डोळ्यांच्या पडद्याचा आजार जडला आणि सात वर्षं त्यांना काहीच दिसलं नाही. या दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या डोळ्यात नजर परत देणारी विजेची चकती बसवली. गेल्या आठवड्यात ते पुन्हा काहिलीपाशी उभे राहिले होते.

"आप्पा काय म्हणतात?" मी विचारलं.

"ही चकती काढून दुसरी घालायची म्हणतोय. डाक्टरांकडनं तारीख बी घेतली, पुढचा गुरुवार. हर्षूला सांगू नको, असं बजावलंय मला. म्हणून तर सांगतोय."

मी हातातला डबा खाली ठेवला. चकती एकदा बसली की पडदा तिच्याभोवती घट्ट धरतो. ती सोलून काढताना पडदा फाटण्याची शक्यता निम्मी. फाटला तर तिसरी चकती बसवायला डोळ्यात काही उरत नाही. हे आप्पांना माहीत होतं. काका म्हणाले, संमतीच्या कागदावर त्यांनी अंगठा नव्हे, सही केली होती, स्वतःच्या नव्या नजरेने.

आणि मला जे माहीत होतं ते त्यांना नीटसं माहीत नव्हतं. चकतीतला रंगांचा कोड मी लिहिला होता.

*

ही चकती कशी चालते, ते सांगायला हवं.

चष्म्याच्या दांडीत कॅमेरा असतो. तो सेकंदाला वीस चित्रं काढतो आणि प्रत्येक चित्राची एक फाइल होते. माझं पहिलं फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, ती फाइल उघडून चित्र ठिपक्याठिपक्यांनी मांडतं. दुसरं फंक्शन प्रत्येक ठिपक्याला एक क्रमांक देतं. हा क्रमांक चकतीकडे जातो. चकतीला रंग कळत नाहीत. तिला फक्त विजेचे बारीक ठसे उमटवता येतात, प्रत्येक क्रमांकाचा एक ठसा. ज्याने पूर्वी जग पाहिलंय त्याचा मेंदू तो ठसा आठवणीतल्या रंगाशी जोडतो. सतरा क्रमांकाचा ठसा पन्नास-साठ वेळा टोमॅटोवर उमटला की सतरा म्हणजे टोमॅटोचा लाल, हे त्याच्यात पक्कं होतं.

असे किती ठसे मेंदू वेगळे ओळखू शकतो? सुरुवातीच्या चाचण्यांत उत्तर मिळालं ते अडीचशेच्या आसपास. म्हणून चकतीतल्या तक्त्यात दोनशे छप्पन ओळी ठेवल्या. एका ओळीत एक रंग.

पण कुठले दोनशे छप्पन? जगात रंग लाखो आहेत. आम्ही ठरवलं की ज्याचे त्याने निवडावेत. पहिले सात दिवस तक्ता उघडा राहतो. डोळ्यासमोर नवा रंग आला की फंक्शन विचारतं, हा तक्त्यात आहे का? असला तर त्याचा क्रमांक देतं. नसला तर रिकामी ओळ त्याच्या नावे करतं. ओळी संपल्या असतील, तर असलेल्यांपैकी सगळ्यात जवळचा रंग देऊन मोकळं होतं. आठव्या दिवशी तक्त्याला कुलूप लागतं. कारण एकदा पक्क्या झालेल्या ठशाचा अर्थ बदलला तर मेंदू गोंधळतो. चाचणीतल्या एका बाईंच्या बाबतीत पाण्याचा क्रमांक गवताला दिला गेला आणि त्या अंगणात चालता चालता भोवळ येऊन पडल्या होत्या.

म्हणून आप्पांना मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं: सात दिवस फक्त घर, अंगण, शेत आणि गुऱ्हाळ. जे रोज बघायचंय तेच बघायचं. टीव्ही नाही, बाजार नाही, लग्नकार्य नाही.

*

शुक्रवारी दुपारी मी घरी पोचले. आप्पा बाहेरच्या सोप्यात बाजेवर बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी चष्मा काढला आणि खिशात ठेवला. म्हणजे मला न बघायची सोय केली.

"मगदम्यानं सांगितलं व्हय?"

"सांगितलं. चष्मा घाला आप्पा."

"कशाला? काल नाम्या काय म्हणाला ठाव हाय? जाळ घालायचं काम करतोय त्यो, पंधरा माणसांत म्हणाला, 'आप्पा, डोळं बसवल्यात का गोट्या?' आन् हसली सगळी."

"पाण्यात पाकाची गोळी करून बघितली नाहीत?"

"गोळी पाक झाला का न्हाई तेवढं सांगती. गुळाचं मोल रंगावर असतंय. फेस पांढरट असतोय, मग पिवळा, मग मधागत, मग तांबूस. तांबूस दिसला की अर्ध्या मिनटात काहील उचलायची. मला मधागतच दिसत राहिला. दिसत राहिला, दिसत राहिला, आन् मग वास आला करपल्याचा."

आई आतून ताट घेऊन आली. त्यात मी सांगितल्याप्रमाणे सात निरनिराळ्या हंगामांचे गुळाचे खडे होते, फिकट सोनेरीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत. "चष्मा घाला आणि वेगवेगळे करा," मी म्हटलं.

आप्पांनी खडे उचलले, वळवून बघितले आणि दोन ढीग केले. एकात पाच, दुसऱ्यात दोन.

"दोनच रंग हाईत," ते म्हणाले. "बाकी तुम्ही मला फसवताय."

आईने पदर तोंडाला लावला. मी लॅपटॉप उघडला, चष्म्याची तार जोडली आणि त्यांचा तक्ता वाचायला घेतला. खरं तर हे मी आठव्या दिवशीच करायला हवं होतं. तेव्हा मी फक्त एवढंच बघितलं होतं की तक्ता भरलाय आणि कुलूप लागलंय. त्यावरून सगळं ठीक आहे, असं समजून मी दुसऱ्या कामाला लागले होते.

पहिल्या ओळींत घर होतं. पांढरी भिंत, शेणाने सारवलेलं अंगण, आईच्या चेहऱ्याचे तीन-चार रंग, म्हशीचा काळा. तिसऱ्या दिवसापर्यंत अठ्ठ्याहत्तर ओळी, अगदी हव्या तशा. चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी एक गुलाबी. मग आणखी एक गुलाबी. मग स्क्रीनभर गुलाबी. उन्हातला, सावलीतला, ओला, कोरडा, दगडावरचा, कपाळावरचा, हवेत उडणारा, पांढऱ्या सदऱ्यावर बसलेला. अडीच तासांत एकशे त्रेसष्ट ओळी गुलाबी झाल्या होत्या. उरलेल्या पंधरा ओळींत पुढच्या सगळ्या जगाने कशीबशी जागा करून घेतली होती. गुऱ्हाळावर आप्पा पाचव्या दिवशी गेले होते. गुळाच्या वाट्याला दोन ओळी आल्या होत्या.

"आप्पा," मी म्हटलं, "चौथ्या दिवशी रविवार होता. कुठे होता तुम्ही?"

"कुठं असणार? घरात."

"घरात एवढा गुलाल कुठून आला?"

आई भिंतीकडे बघत म्हणाली, "मी नको म्हणत हुते."

"तू गप गं."

"का गप? पोरीनं कागद लिहून दिलावता. त्यो कागद खिशात घालून गेलासा तुम्ही डोंगरावर!"

मग सगळं बाहेर आलं. सात वर्षांपूर्वी नजर गेली तेव्हा आप्पांनी जोतिबाला नवस बोलला होता, दिसायला लागलं की आठवड्याच्या आत तुझ्या दारात येईन. मगदूम काकांनी जीप काढली. रविवार, त्यात पौर्णिमा. डोंगर माणसांनी भरलेला, वरून खोबरं-गुलालाची उधळण, पालखी निघालेली, चांगभलंचा गजर. अडीच तास आप्पा त्या गुलालात उभे होते, डोळे उघडे ठेवून. आणि माझं फंक्शन उडणाऱ्या प्रत्येक मुठीला विचारत होतं, हा तक्त्यात आहे का? नाही? मग ही घ्या ओळ.

मला राग आला होता. मी काहीतरी कडक बोलणार होते. पण त्याआधी मला माझी स्वतःची चूक दिसली.

"आप्पा, तुम्ही गेलात ते चुकलंच. पण ओळी संपल्यावर यंत्राने ओरडायला हवं होतं. पहिल्या आवृत्तीत ते ओरडायचं, बीप वाजायचा. लोक वैतागले, म्हणून मी तो काढला. नंतर जागा नसली तरी ते गपचूप जवळचा रंग द्यायचं. तुम्हाला तांबूस दिसत नव्हता आणि दिसत नाही हेही कळत नव्हतं, ते माझ्यामुळे."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, यावेळी चष्म्यातून.

"म्हंजे काहील तू बी करपवलीस म्हण की."

"हो."

"मग एकट्याला का बोलणी खायला लावतीस?" ते म्हणाले. आई खुदकन हसली. मीही हसले, पण गुरुवारला सहाच दिवस उरले होते.

*

शनिवारी सकाळी मी डॉक्टर इनामदार बाईंना फोन लावला. शस्त्रक्रिया त्याच करणार होत्या.

"तक्त्याचं कुलूप काढता येणार नाही, हर्षदा," त्या म्हणाल्या. "तो नियम आपणच केलाय. त्या बाई पडल्या तेव्हा तू होतीस ना?"

"होते. पण मॅडम, त्या पडल्या कारण त्यांच्या मेंदूने पाण्याचा ठसा पक्का केला होता. प्रत्येक ओळीत आपण आकडा ठेवतो, नजर ठरून ती किती वेळा वापरली गेली त्याचा. मी आप्पांचे आकडे काढलेत. एकशे त्रेसष्ट गुलाबींपैकी एकशे अठ्ठावन्न त्या रविवारनंतर एकदाही वापरल्या गेलेल्या नाहीत. त्या दिवशीही प्रत्येक ठसा जेमतेम पाच-सहा वेळा उमटलाय. पक्का व्हायला किमान पन्नास लागतात. म्हणजे या ओळी तक्त्यात भरलेल्या आहेत, पण डोक्यात रिकाम्याच आहेत."

पलीकडे कागदांची सळसळ ऐकू आली.

"उरलेल्या पाच?"

"एक आईच्या लुगड्याची, दोन बोगनवेलीच्या, एक शेजारच्या दाराची, एक औषधाच्या बाटलीची. त्यांना हात लावत नाही."

"आधी एकच ओळ बदल. त्यांना बसवून. भोवळ, मळमळ, काहीही झालं तरी तिथेच थांबायचं आणि गुरुवार कायम. आणि बुधवारी दुपारी बारापर्यंत मला काय ते कळव, थिएटर मोकळं ठेवायचं की नाही ते."

मी धावतच सोप्यात आले. आप्पांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "न्हाई."

"काय नाही?"

"गुलाल पुसायचा न्हाई. देवाच्या दारातला हाय त्यो. सात वर्षं काळोख, आन् मग त्यो रंग बघितला मी. त्यो पुसून तिथं काकवी भरायची? डोळा फाटला तर फाटला. त्यापेक्षा दुसरी चकती बरी."

"दुसरी चकती घातली तरी हा तक्ता जाणारच आहे, आप्पा. चकतीबरोबर."

"ते डाक्टर करतील. मी माझ्या हातानं करायचा न्हाई."

तर्काला इथे काही काम नव्हतं आणि मला दुसरं काही येत नाही. मी आईकडे पाहिलं. ती उंबऱ्यात सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"डोंगरावरनं आलासा तवा कसं दिसत हुतासा?" तिने विचारलं.

"कसं म्हंजे? गुलालानं भरलेला."

"आन् मी घरात घेतलं का तुम्हाला?"

आप्पांनी कानामागे बोट फिरवलं.

"अंगणात उभं केलं. दोन बादल्या पाणी वतून घेतलंसा, केस साबणानं चोळलंसा, तरी कानात राहिलावता. देवाचा हाय म्हणून अंगावर ठिवलासा का? धोतर बी मलाच धुवायला टाकलंसा." तिने तांदळातला एक खडा अंगणात भिरकावला. "डोंगरावनं आल्यावर समदी माणसं गुलाल धुत्यात. धुतला म्हणून नवस फिटला न्हाई, असं कोण म्हणतंय का? मग डोळ्यातला तेवढा कशापायी ठेवायचा?"

तिने पुन्हा सूप हलवायला घेतलं.

"तीन बादल्या लागल्यावत्या," आप्पा शेवटी म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "कर काय करायचं ते. पर एकच आधी. डाक्टरीण म्हणाली तसं."

*

एक ओळ बदलायला मला दोन सेकंद लागतात. त्या दिवशी वीस मिनिटं लागली. तीन वेळा आकडे तपासले. एकशे चार क्रमांकाची ओळ घेतली, एका सदऱ्याच्या खांद्यावरचा गुलाबी, वापर पाच, शेवटचा वापर रविवारी बारा वाजता. तिच्या जागी ताटातल्या सगळ्यात तांबूस खड्याचा रंग टाकला. आईने सूप बाजूला ठेवून आप्पांचा दंड धरला.

"केलं," मी म्हटलं. "ताटाकडे बघा. हळू."

आप्पांनी बघितलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मला त्या बाई आठवल्या, अंगणात कोसळलेल्या.

"भोवळ येतेय का?"

"न्हाई."

"मळमळ?"

"न्हाई गं, गप जरा." त्यांनी पाच खड्यांच्या ढिगावर हात नेला. बोटं मागेपुढे झाली. मग त्यांनी एक खडा उचलला आणि बाजूला ठेवला. एकटा.

"ह्यो निराळा हाय," ते म्हणाले. "रंग कसला म्हणून नाव देता येईना, पर ह्यो त्यांच्यातला न्हवं."

मी तोंडावर हात धरला. आई म्हणाली, "रडायला काय झालं, बरोबर हाय का चूक ते सांग की!"

"बरोबर आहे, आई."

त्या दुपारी मी उरलेल्या एकशे सत्तावन्न ओळी मोकळ्या केल्या आणि तक्ता पुन्हा उघडला. यावेळी फंक्शनला एक नवं काम दिलं. दहा ओळी उरल्या की चष्मा कानात सांगेल: जागा संपत आली. आवाजावरून लोक वैतागले तर वैतागोत. मग लागलीच ऑफिसला कळवून बाकीच्या एकतीस पेशंटांचे तक्तेही तपासायला लावले. नागपूरच्या एका काकांनी पहिला आठवडा क्रिकेटचे सामने बघण्यात घालवला होता. त्यांच्याकडे मैदानाच्या हिरव्या नव्वद ओळी निघाल्या. तीन महिने ते कोथिंबीर आणि मेथी एकच समजत होते आणि बायको त्यांना निष्काळजी म्हणत होती.

रविवारपासून आप्पा दिवसभर गुऱ्हाळावर बसले. दिवसाला चार काहिली. रस ओतल्यापासून थंड करायच्या वाफ्यात गूळ पडेपर्यंत नुसतं बघायचं, बोलायचं नाही, ही माझी अट. काहिलीपाशी त्या दिवसांपुरता शेजारच्या गावचा गुळव्या उभा होता. सोमवारी संध्याकाळपर्यंत फेसाचे नऊ रंग तक्त्यात होते, मंगळवारी एकोणीस. ठशांचे आकडे भराभर वाढत होते. शंभर, तीनशे, हजार. पण आकडे तक्त्यातले. डोक्यात काय चाललंय हे बाहेरून बघायची सोय माझ्याकडे नव्हती. आप्पा काही सांगत नव्हते. जेवताना एकदा आईला म्हणाले, "तुझी भाकरी एका बाजूनं जळती, मला आजवर दिसलंच न्हाई," तेवढंच.

*

बुधवारी सकाळी मगदूम काकांनी त्या गुळव्याला रजा दिली. पहिली काहील आप्पांची होती.

चुलाणाभोवती जरा जास्तच माणसं जमली होती. नामदेव चिपाडं आत सारत होता. गोट्यांबद्दल बोलला होता तो हाच. आता मात्र तो माझ्याकडे बघायचं टाळत होता, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटत होतं. रस निवळायला भेंडीचं पाणी पडलं, मळी वर आली, ती काढली. रस दाटत गेला. फेस पांढरट होता, मग पिवळा. मी मोबाइलवर आकडे बघायचे नाहीत असं ठरवलं होतं. तरी हात खिशात जात होता.

"मधागत झाला," आप्पा स्वतःशीच म्हणाले.

मगदूम काकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. मलाही मधासारखाच दिसत होता. त्यानंतर पुढे काय दिसतं, ते मला कधीच ओळखू आलं नव्हतं. त्याला तेवीस वर्षं लागतात.

मोबाइल वाजला. बारा वाजायला दहा मिनिटं होती. हॉस्पिटलचा नंबर. मी उचलला, कानाला लावला, आणि नजर काहिलीवरच ठेवली.

"हर्षदा वरुटे ना? उद्या सकाळी आठची केस आहे, सर्जेराव वरुटे. मॅडमनी विचारलंय, तारीख ठेवायची की रद्द?"

"एक मिनिट थांबा."

"मॅडम थिएटरमध्ये जातायत. मला आत्ताच लिहायचंय."

"एकच मिनिट, ताई."

आप्पा काहिलीवर वाकले होते. वाफेने चष्म्याची काच धूसर झाली. त्यांनी ती सदऱ्याच्या टोकाने पुसली, पुन्हा घातली आणि हात वर केला. सगळे थांबले. नामदेवचं चिपाड हातातच राहिलं.

"जाळ बंद! उचला!" आप्पा ओरडले. "उचला रं, बघताय काय तोंडाकडं!"

चौघांनी काहील उचलली. तांबूस-सोनेरी, दाट पाक वाफ्यात सरसरत पसरला. मगदूम काकांनी वाकून फावड्याच्या टोकावर थोडा घेतला, उन्हात धरला, वळवला, परत धरला. मग ते फावडं त्यांनी नामदेवच्या नाकासमोर नेलं.

"बघ," ते म्हणाले. "गोट्यांनी काढलाय."

लोक हसले. नामदेव सगळ्यात मोठ्याने हसला. पण आप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. पुढच्या काहिलीत रस कमी ओतला, म्हणून ते दोघा गड्यांना झापत होते.

"हॅलो?" फोनवरची मुलगी म्हणाली. "काय करू?"

"रद्द करा," मी म्हटलं.

"कारण काय लिहू?"

मी डोळे पुसले.

"लिहा, पेशंट कामावर आहे."